हायड्रोजनची गाडी घेण्यापूर्वी: पर्यावरणाचा आणि आरोग्याचा हिशेब कसा मांडावा

हायड्रोजनची गाडी निवडताना पहिला प्रश्न गाडीविषयी न विचारता तिच्या इंधनाविषयी विचारावा: हा हायड्रोजन कशापासून तयार झाला? जगात आज तयार होणारा बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून काढला जातो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर कोळशापासून मिळवताना सुमारे दुप्पट. फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून वीज बनवून चालणारी मोटार एका किलोत सुमारे १०० किलोमीटर धावते. तेवढ्याच अंतराला लिटरमागे २० किलोमीटर जाणारी गाडी ५ लिटर पेट्रोल जाळून साडेअकरा किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे नैसर्गिक वायूपासूनच्या हायड्रोजनात हवामानाचा फायदा तुटपुंजा आणि कोळशापासूनच्या हायड्रोजनात उघड तोटा.

पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढला असेल, तर वीज कोठून आली हे विचारावे, कारण एका किलोसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. तीच वीज बॅटरीच्या मोटारीत भरली तर ती दुपटीहून अधिक अंतर जाते. त्यामुळे रोजच्या छोट्या प्रवासासाठी बॅटरीची गाडीच घ्यावी, असे मला ठामपणे वाटते. स्वच्छ विजेपासून मिळालेला हायड्रोजन लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकसाठी राखणे अधिक योग्य.

आरोग्याचा लाभ मात्र खरा आहे, आणि तो सर्वांत जास्त रहदारीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुलांना व दम्याच्या रुग्णांना मिळतो. फ्युएल सेलमध्ये ज्वलन होत नसल्याने काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड निर्माण होत नाहीत. नळीतून बाहेर पडते ते पाणी आणि वाफ. मात्र हायड्रोजन थेट इंजिनात जाळणाऱ्या गाडीत प्रखर उष्णतेमुळे हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात, म्हणून या दोहोंपैकी गाडी कोणत्या प्रकारची आहे, याची आधी खात्री करून घ्यावी. टायर झिजून उडणारी धूळ दोन्हींत कायम राहते.

गळतीकडे दुर्लक्ष करू नये. वातावरणात मिसळलेल्या हायड्रोजनमुळे मिथेन हा उष्णता अडवून धरणारा वायू अधिक काळ टिकतो, त्यामुळे अप्रत्यक्षपणे तापमानवाढीला हातभार लागतो. शिवाय या वायूला रंग नाही, वास नाही, हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाण असताना तो पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. तो हलका असल्याने छताखाली साठतो. म्हणून गॅरेजला छतालगत झरोका ठेवावा, आणि गळतीची सूचना मिळताच विजेचे कोणतेही बटण न दाबता बाहेर पडावे.