लॅपटॉपला ५.१ स्पीकर जोडायचे तर

५.१ संच म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. त्याचं खोकं उघडलं की हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन पिना हातात येतात आणि लॅपटॉपला जॅक असतो एकच. मग बाजारातून एकाचे तीन करणारा स्प्लिटर येतो. तो आणू नका. हेडफोनच्या जॅकमधून डावा आणि उजवा असे दोनच आवाज निघतात, स्प्लिटर तेच दोन सगळीकडे वाटतो. पाचही स्पीकर वाजतात, पण पुढून संवाद आणि मागून पाऊस असं होत नाही. नेहमीच्या ब्लूटूथवरही स्टिरिओच, म्हणजे हेच दोन आवाज येतात.

मी इंदुरात हौशी मराठी नाटकांचा ध्वनी सांभाळतो. शब्द कळला नाही तर प्रेक्षक हातचा जातो, म्हणून माझा सगळा जीव मधल्या स्पीकरवर. सिनेमाच्या ५.१ ध्वनीत संवाद बहुतेक तिथूनच येतात. ओळखीच्या घरांतून एक तक्रार नेहमी कानावर येते, की गाणी खणखणीत वाजतात पण बोलणं ऐकू येत नाही. अशा वेळी लॅपटॉपमध्ये ५.१ निवडलेलं असतं आणि जोडलेली असते फक्त हिरवी पिन. संवाद ज्या वाटेने जायला हवेत तिथे तारच नसते. तीनही पिना जोडायची सोय होईपर्यंत सेटिंग स्टिरिओवर ठेवा, संवाद लगेच परत येतील.

सोय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचाराल तर हेडफोन आणि माइक अशा दोनच जॅकची छोटी कांडी आधी पुढे येईल. तिच्यावर ७.१ लिहिलेलं असलं तरी तो केवळ हेडफोनमधला आभास असतो. स्पीकरसाठी किमान तीन आउटपुट असलेलं कार्ड मागा. संच विकत घ्यायचा असेल तर त्याची मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथे लाल-पांढऱ्या जॅकची एकच जोडी असेल तर पाच स्पीकर असूनही आत स्टिरिओच जाणार. सहा गोल आरसीए जॅक असतील तर एका टोकाला साधी पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशा तीन तारा लागतील. हिरवा जॅक पुढच्या स्पीकरांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी मधल्याचा आणि सबवूफरचा.

एव्ही रिसीव्हर, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही घेऊन स्पीकर चालवणारा डबा, असेल तर कार्ड नकोच. लॅपटॉपची एचडीएमआय तार थेट रिसीव्हरला आणि तिथून दुसरी टीव्हीला. ऑप्टिकल तारेतून साधा, न दाबलेला ध्वनी दोनच चॅनलचा जातो, ५.१ साठी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असा दाबलेला ध्वनी लागतो.

आता विंडोज ११. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मग तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. ‘प्लेबॅक’मध्ये आपलं कार्ड किंवा रिसीव्हर निवडा, ‘कॉन्फिगर’ दाबा, ५.१ घ्या. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं. मग ‘टेस्ट’. घरातल्या कुणाला तरी लॅपटॉपपाशी बसवा आणि तुम्ही नेहमीच्या जागी बसून ऐका. मधल्याचा आवाज सबवूफरच्या डब्यातून घुमत आला तर ते दोन उलटे झालेत; आरसीए असेल तर त्या दोन पिना अदलाबदल करा.

मांडणीला मात्र वेळ द्या. महागड्या संचापेक्षा ती जास्त फरक पाडते. पुढचे दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे दोघंही समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर येतात. मागचे दोन खरं तर कानांच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांवर हवेत. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा ते डोक्यामागे कोंबू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कानांपेक्षा थोडे वर लावा. उघड्या तारांचे स्पीकर असतील तर लाल लालला आणि काळी काळीलाच. एकाची जरी उलटली तरी खर्ज विरतो. मधला स्पीकर टीव्हीच्या मागे लपवू नका, खाली ठेवावा लागला तर त्याचं तोंड कानांकडे वर उचला.

लताबाईंची जुनी गाणी ऐकताना मी सेटिंग परत स्टिरिओवर आणतो. त्या काळातलं ध्वनिमुद्रण बरंचसं मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं आहे. ते पाच ठिकाणांहून वाजवलं की गळ्याची जागा हरवते, आणि तो गळा याच शहरात १९२९ मध्ये जन्मला, त्याला एवढा मान द्यायला हवा.

सगळं जोडल्यावर बारीक घुंईऽऽ ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ मिळून तारांत फिरणाऱ्या प्रवाहाचा असण्याची शक्यता मोठी. चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिली तर दोन्हींच्या मधल्या ऑडिओ तारेत हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका.