जैवविविधतेचं मॉनिटरिंग करायचंय? मग फील्डवर जायच्या आधी हे वाचा

मॉनिटरिंग सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) कुठला घ्यायचा, दुर्बीण कुठली घ्यायची. ते नंतर बघू. आधी कागदावर एकच वाक्य लिहा: मोजणीचा आकडा आला की कोण काय वेगळं करणार आहे? उदाहरणार्थ, "घाणेरी काढल्यावर दोन वर्षांत गवत परत आलं नाही तर काढायची पद्धत बदलायची." असं वाक्य असलं की काय मोजायचं, कुठे, किती वर्षं, हे बरंचसं आपोआप ठरतं. "इथली जैवविविधता समजून घेणे" असं लिहिलं तर काहीच ठरत नाही, मग टीम जाते, जे दिसेल ते लिहून आणते आणि वर्षाच्या शेवटी नुसती प्रजातींची यादी हातात राहते. यादी वाईट नाही, पण यादीवरून काही कमी होतंय की वाढतंय हे सांगता येत नाही.

घाणेरीचंच उदाहरण धरून चालू, कारण मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही झुडपं आज आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे माजलीयेत आणि ती काढायची कामंही जागोजागी चालू असतात. समजा एका माळावर काढायच्या आधी गवताचं आच्छादन २० टक्के होतं आणि दोन वर्षांनी ४५ टक्के झालं. २५ ने वाढलं, सगळे खूश. पण बाजूच्या तशाच माळावर, जिथे कोणी काहीच केलेलं नाही, तिथेही ते २२ वरून ३५ वर गेलं असेल तर? म्हणजे १३ ची वाढ बहुतेक पावसाने दिलेली आहे, तुमच्या कामाची म्हणता येईल अशी वाढ उरली १२. हा बाजूचा माळ मोजलाच नसता तर पावसाचं श्रेय आपण घेतलं असतं, आणि पुढच्या दुष्काळी वर्षात चांगलं चाललेलं काम फेल गेलं म्हणून बंदही पडलं असतं. कामाच्या आधी आणि नंतर, काम केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही जागी मोजायच्या या पद्धतीला बीएसीआय (बिफोर-आफ्टर-कंट्रोल-इम्पॅक्ट) डिझाइन म्हणतात. माळांची एकच जोडी घेऊ नका, परवडतील तेवढ्या घ्या, आणि कुठला माळ साफ करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर माणसं सोपा, सपाट, रस्त्याजवळचा तुकडा निवडतात आणि फरक घाणेरीमुळे पडला की जागेमुळे हे कळायला मार्ग राहत नाही. आणि हो, घाणेरी नुसती वरून छाटली तर बुडापासून परत फुटते, पक्षी तिची फळं खाऊन बिया टाकत राहतात, त्यामुळे एका सीझनची मोजणी इथे फसवीच असते.

जागा निवडताना पण हेच. रस्त्याच्या कडेने, पायवाटेने मोजत गेलात तर तुम्ही रस्त्याची कड मोजताय, जंगल नाही. नकाशावर आधी भाग पाडा, दाट जंगल, विरळ जंगल, गवत, पाणथळ, जे असेल ते, आणि प्रत्येक भागात रँडम पॉइंट टाका, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे काम काही मिनिटांचं आहे. एखादा पॉइंट कड्यावर आला तर तो का सोडला ते लिहा आणि यादीतला पुढचा घ्या. जमीनमालकाची आणि संबंधित खात्याची परवानगी या टप्प्यावरच घ्यायची, सामान घेतल्यावर नाही.

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं आणि सगळ्यात कमी बोललं जातं ती गोष्ट, डिटेक्शन. प्राणी जागेवर असतो पण आपल्याला सापडत नाही. समजा एखादा पक्षी तिथे आहे पण एका फेरीत तो सापडायची शक्यता ०.३ आहे. एकदाच गेलात तर दहापैकी सात वेळा "नाही" असं लिहून याल. तीन फेऱ्या केल्या तर निदान एकदा तरी सापडायची शक्यता होते साधारण ०.६६, म्हणजे तो असलेल्या दर तीन जागांपैकी एका जागी अजूनही "नाही". आठ फेऱ्यांनी ती ०.९४ वर जाते. म्हणून एकाच जागी एकाच सीझनमध्ये परत परत जायचं, आणि प्रत्येक फेरीचं उत्तर वेगळं लिहायचं: दिसला, नाही, नाही, दिसला, असं. या आहे-नाहीच्या ओळींवरूनच सापडायची शक्यता काढता येते आणि मग खरोखर किती जागी तो असेल याचा अंदाज येतो, २००२ साली मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं ऑक्युपन्सी मॉडेल ते हेच, आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधल्या अनमार्क्ड पॅकेजमध्ये ते चालवता येतं. फेऱ्यांचे नुसते "दिसला" ठेवून "नाही" टाकून दिले तर कुठलंच सॉफ्टवेअर तुमची मदत करू शकत नाही.

यातला एक धोका नीट लक्षात घ्या. घाणेरी काढली की नजर मोकळी होते, लांबचे पक्षी दिसायला लागतात. पक्ष्यांचा आकडा वाढतो, पक्षी वाढले असतीलच असं नाही. उलट गवत कमरेएवढं झालं की तेच पक्षी दिसेनासे होतात. ज्या कामाचा परिणाम मोजताय तेच काम तुमची नजर बदलतंय, त्यामुळे अशा ठिकाणी अंतर लिहिणं मी तरी ऐच्छिक मानत नाही. लाइन ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या सरळ रेषेवर, चालताना प्राणी पहिल्यांदा जिथे दिसला तिथपासून लाइनपर्यंतचं काटकोनातलं अंतर, तो उडून जिथे गेला तिथलं नाही. कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि कळपातली संख्या. साधारण ६० ते ८० नोंदी जमल्या की डिस्टन्स सॅम्पलिंगचा, म्हणजे या अंतरांवरून नजरेतून किती सुटले ते काढायचा, हिशोब बऱ्यापैकी विश्वासाने होतो.

पद्धत साधी ठेवा, कारण ती तुमच्यानंतर येणाऱ्या माणसालाही करायचीये. ब्रिटनमधली फुलपाखरांची मोजणी १९७६ पासून चालूये: ठरलेल्या वाटेवरून सावकाश चालायचं, पाच मीटर रुंदीत दिसतील ती मोजायची, हवा १३ अंशांच्या खाली असेल तर मोजायचंच नाही. उत्तर अमेरिकेतला ब्रीडिंग बर्ड सर्व्हे १९६६ पासून: एका रूटवर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं. जर्मनीत उडत्या किड्यांचं वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं हे २०१७ मध्ये जगाला कळलं, ते ६३ संरक्षित जागांवर एकाच प्रकारचे सापळे लावून जमलेलं होतं, सापळा मध्येच बदलला असता तर घट किड्यांची की सापळ्याची यावर भांडत बसलो असतो. नवीन भारी उपकरण आलं तर जरूर घ्या, पण निदान एक सीझन जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवा.

झाडांचं सोपं आहे: चौकट टाका, गवताला एक बाय एक मीटर, झाडांना दहा बाय दहा किंवा वीस बाय वीस, घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा आणि जिथे टेप लावली तिथे रंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या वेळी टेप वर-खाली होणार नाही.

कॅमेरा ट्रॅप जरा वेळ खातो. गुडघ्याच्या उंचीला बांधा, वाटेपासून दोन-तीन मीटर आत, तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, नाहीतर उगवता-मावळता सूर्य सेन्सरला फसवतो. समोरचं गवत, हलणाऱ्या फांद्या काढा, एक गवताचं पातं वाऱ्यावर हलत राहिलं तर हजारो रिकामे फोटो येतात आणि बॅटरी संपते. तारीख-वेळ तपासा, मग पाटीवर जागेचा कोड आणि तारीख लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरून पहिला फोटो काढा, घड्याळ नंतर बिघडलं तरी हा फोटो वाचवतो. निघायच्या आधी प्राण्याच्या उंचीला रांगत समोरून जाऊन बघा ट्रिगर होतोय का. वाघ-बिबट्यासारखे अंगावरच्या खुणांवरून ओळखायचे प्राणी असतील तर दोन्ही बाजूंना कॅमेरा लागतो, कारण डाव्या अंगावरचे पट्टे उजव्यासारखे नसतात. बाकी प्राण्यांसाठी "इतके फोटो आले म्हणजे इतके प्राणी" असा हिशोब करू नका, एकच रानडुक्कर रात्रभर तिथेच उकरत बसलेलं असू शकतं, त्यामुळे एकाच प्रजातीचे लागोपाठचे फोटो, बरेच जण ३० मिनिटांची मर्यादा धरतात, एकच नोंद म्हणून घ्या. माणसांचे फोटो येणारच, ते कोणाला दाखवायचे नाहीत, पाठवायचे नाहीत, काढून टाकायचे. जंगलात लाकडं आणायला जाणाऱ्या बाईचा फोटो ग्रुपवर फिरला तर गावाचा विश्वास गेला, आणि तो परत मिळत नाही.

डेटाशीटवर प्रजाती आणि संख्या सगळेच लिहितात. राहून जातं ते हे: सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती चाललात, कोण मोजत होतं, ढग-वारा कसा होता, आणि काहीच दिसलं नाही तर ठळक शून्य. रिकामी चौकट आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, रिकामी चौकट बघून पाच वर्षांनी कोणालाच कळत नाही की प्राणी नव्हता की त्या दिवशी कोणी गेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी ४० पक्षी आणि दुसऱ्या वर्षी ६० हे ऐकायला छान, पण दुसऱ्या वर्षी तास दुप्पट असतील तर तासाला दिसणारे पक्षी कमीच झालेत. त्याच संध्याकाळी शीटचा फोटो काढा, त्याच आठवड्यात एक्सेलमध्ये भरा, एका ओळीत एकच नोंद, शास्त्रीय नाव, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, लोकेशन दशांश अंशात. कॉलमची नावं डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणे ठेवली तर पुढे जीबीआयएफ या जगभरच्या खुल्या नोंदसाठ्यावर द्यायला त्रास होत नाही. ओळख पक्की नसेल तर वंशापर्यंतच लिहा, अंदाजाने प्रजाती ठोकून देऊ नका.

डेटा उघडा करा, जरूर करा, पण दुर्मिळ ऑर्किड, घुबडाचं घरटं, कासवाची अंडी यांचं अचूक लोकेशन नाही. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं ॲप धोक्यातल्या अनेक प्रजातींचं लोकेशन स्वतःच धूसर करतं, तुमच्या स्वतःच्या शीटमध्ये ते काम तुम्हालाच करावं लागेल, आणि फोटो शेअर करताना त्यातलं जीपीएस काढायलाही विसरू नका.

पहिला सीझन ट्रायल म्हणून धरा. तो संपला की आलेल्या आकड्यांवर बघा की इतक्या जागा, इतक्या फेऱ्या करून तुम्हाला किती मोठी घट पकडता येईल, आर मध्ये चाचणीपुरता बनावट डेटा तयार करून (सिम्युलेशन) हे तपासता येतं. निम्मे प्राणी गेल्याशिवाय कळणारच नसेल तर प्रजाती कमी करा आणि जागा वाढवा, दहा प्रजाती अर्धवट मोजण्यापेक्षा दोन नीट मोजलेल्या बऱ्या. मग सुरुवातीला लिहिलेलं ते एक वाक्य, त्याचं उत्तर देणारा आकडा, तो किती वर-खाली असू शकतो त्या मर्यादेसकट, आणि दोन ओळींत काय करावं, एवढंच एका पानावर लिहून ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला समोर बसून द्या, आणि उठायच्या आधी पुढच्या सीझनच्या तारखा ठरवून घ्या.