गरोदर बाई घरात असेल तर पावसाळ्यात दाणे-खोबरं कसं बघून घ्यायचं

नागपुरात जुलै-ऑगस्ट लागला की डब्यातलं सगळं सादळतं, आणि घरात कोणी गरोदर असली की दाण्याची चटणी, खोबऱ्याचे लाडू आग्रहाने खाऊ घालणं सुरूच असतं. घाला ना, फक्त आधी बघून घ्या.

भानगड अफ्लाटॉक्सिनची आहे. शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, लाल मिरची ओलसर राहिली की त्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी येते आणि हे विष तयार करते. ते वारेतून बाळाकडे जातं, नाळेच्या रक्तात सापडलेलं आहे, आणि बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, सगळ्यांत नाही. एका लाडवाने काही होत नाही, उगाच घाबरू नका, रोज रोज पोटात जाणं वाईट.

आता "भाजलं की मरते" म्हणणारे प्रत्येक घरात असतात. बुरशी मरते हो, पण विष भाजून थोडंफारच कमी होतं, पूर्ण जात नाही, म्हणून निवडण्यालाच खरा अर्थ.

इतवारी बाजारातून दाणे आणले की ताटात पसरवा, सुरकुतलेले, काळपट, फुटके सगळे बाजूला, मग चार-पाच दाणे मधून उघडून बघा, कारण बाहेरून गुलाबी दिसणारा दाणा आत फटीत हिरवट-पिवळा निघतो. चावून कडू लागला तर थुंका. दाण्याचा कूट तयार आणू नका, त्यात काय दळलंय कोण बघतं? खोबऱ्याची वाटी आतून काळी किंवा हिरवी असेल तर तेवढंच खरवडून बाकीचं वापरायचं नाही, अख्खी फेका, ब्रेडचंही तसंच. मिरची कडक उन्हात वाळलेली, देठाशी काळी नसलेली घ्या.

मक्याचं जरा वेगळं. त्यावरच्या दुसऱ्या बुरशीचं फ्युमोनिसिन नावाचं विष पेशींत फॉलिक अ‍ॅसिड जाण्यात अडथळा आणतं, असं प्रयोगांत दिसलंय, आणि बाळाचा मज्जारज्जू नीट घडायला तेच फॉलिक अ‍ॅसिड लागतं. १९९०-९१ मध्ये टेक्सास-मेक्सिको सीमेवर मेंदू-मज्जारज्जूत दोष असलेली बाळं जास्त जन्मली, त्यात पुढे मक्याच्या पिठावरही संशय गेला होता. तेव्हा मक्याचं जुनं पीठ नको, आणि डॉक्टरने दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका.

आणि निवडून काढलेले दाणे दारातल्या गाईला घालू नका, तेच विष रूप बदलून दुधात उतरतं, अन् दूध उकळूनही जात नाही.