असिस्टेड लिव्हिंगमध्ये आई-बाबांना रुळवताना

आई-बाबांना असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठांच्या केंद्रात ठेवताना पडदे, टीव्ही, कपाट यांवर घरची मंडळी फार वेळ घालवतात. माणूस रुळतो की नाही, हे मात्र बरंचसं दिवसाच्या वेळांवर ठरतं. पहाटे पाचला चहा घेणाऱ्याला साडेसहापर्यंत ताटकळावं लागलं, तर रोजचा तो दीड तास घराची आठवण काढण्यातच जातो. म्हणून जाण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा: उठणं, चहा, पोट साफ होणं, अंघोळ, पूजा, पेपर, दुपारची झोप, रात्री किती वेळा उठतात. त्यावरून एका पानाचा दिनक्रम मोठ्या अक्षरात लिहा. तो मॅनेजरच्या फायलीत गेला तर तिथेच राहतो. दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्हींच्या मावशींना समोर बसून वाचून दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ औषधांचा होतो. डॉक्टरांच्या सहीची ताजी यादी घ्या. तीत ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि गोळी कशासाठी, हे सगळं हवं. जुन्या स्ट्रिपा बॅगेत टाकू नका. केंद्र तीच गोळी दुसऱ्या ब्रँडची आणतं, जुनी उशाशी असते, रक्तदाबाची गोळी दोनदा पोटात जाते आणि रात्री चक्कर येऊन माणूस पडतो. थायरॉइडची गोळी चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी हवी. सगळ्या गोळ्या नाश्त्याबरोबर वाटायची पद्धत असेल, तर थायरॉइडच्या गोळीची वेळ वेगळी लिहून घ्यायला लावा. मधुमेह असून एकादशी-चतुर्थी धरत असतील, तर त्या दिवशीचा इन्सुलिन किंवा गोळीचा डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या आणि सिस्टरबरोबर स्वयंपाकघरालाही सांगा.

पलंग असा लावा की घरी ज्या बाजूने उतरायचे, त्याच बाजूने उतरता येईल. काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकायला हवीत. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा, पायपुसणी काढून टाका, मागे पट्टा असलेली चप्पल द्या. निरांजनाला बहुतेक ठिकाणी मनाई असते. विजेचा दिवा आधीच नेला की पहिल्याच सकाळी वाद होत नाही. कपडे सात-आठ जोड पुरेत, पण प्रत्येकावर नाव धाग्याने शिवा, कारण मार्कर धुण्यात उडतो. कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्राच्या डब्यांवरही नाव हवं. जेवताना कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाते, हे मावशींनाही सांगून ठेवा.

शक्यतो सकाळी न्या. स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळी गोंधळ वाढतो. ‘पंधरा दिवस भेटायला येऊ नका’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो सरसकट मानायचं कारण नाही. थोडा वेळ भेटा, पण निघायची वेळ जेवणाशी जुळवा, म्हणजे तुम्ही दाराबाहेर आणि ते पंगतीत. डोळा चुकवून निघू नका. पुढची भेट कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहा. ‘घरी कधी नेणार?’ या प्रश्नाला ‘चार दिवसांत’ हे उत्तर तर नकोच. पाचव्या दिवशी तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही.

दाखल होताना वजन करा, मग दर आठवड्याला. महिन्याभरात पाच टक्के घटलं, म्हणजे साठचे सत्तावन्न किलो झाले, तर डॉक्टरांना दाखवा. एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत राहू लागले, तर ‘घर आठवतंय’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी तपासणी हवी.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: रुग्णालयात असताना खोलीचं भाडं किती, प्रकृती खालावली तर तिथेच ठेवणार का, आणि सोडल्यास डिपॉझिट किती दिवसांत परत. शक्य असेल तर आधी महिनाभर राहून पाहा; तोवर घर भाड्याने देऊ नका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. केंद्राबद्दलची तक्रार तिथे सुटत नसेल, तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. हा नंबर त्यांच्या फोनमध्येही साठवून ठेवा.