मॉड्यूलर रॅक वाढवताय? मग या चुका टाळा

"रॅकमध्ये २० एचपी जागा उरलीय, तिथे काय घालू?" हा प्रश्न मॉड्यूलर सिंथेसायझरवाल्यांनी (सुटी मॉड्यूल्स रॅकमध्ये बसवून केबलनं जोडायचं हे इलेक्ट्रॉनिक वाद्य; एचपी हे त्यातलं रुंदीचं माप) मला इतक्या वेळा विचारलाय की हल्ली मी उत्तर देत नाही, उलट विचारतो: काल पॅच करताना, म्हणजे केबल जोडून वाजवताना, कुठे अडलास? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. कारण काल पॅच केलेलाच नसतो, डेमो व्हिडिओ बघितलेले असतात. जागा रिकामी दिसते म्हणून मॉड्यूल घ्यायचं नसतं. त्या जागेवर ब्लँक पॅनेल लावा आणि आहे त्यात वाजवा. एखाद्या रात्री "इथे अमुक असतं तर" असं तोंडातून निघालं की ते कागदावर लिहून ठेवा. तीच गोष्ट तीनदा लिहिली गेली तर पैसे काढा. ही माझी सवय आहे, शास्त्र नव्हे, पण हिच्यामुळे माझे बरेच पैसे वाचलेत.

पुढचं सगळं युरोरॅकबद्दल आहे. म्हणजे डोप्फर या जर्मन कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या मध्यात रूढ केलेला साचा: ३यू उंची (यू हे रॅकच्या उंचीचं माप), साडेतीन मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टची वीज. आपल्याकडे मॉड्यूलरवाले बहुतेक यातच आहेत.

आवाज काढणारी मॉड्यूल्स ढीगभर, आवरणारं एकही नाही

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि माझा सर्वांत जास्त राग हिच्यावरच आहे.

पुण्यातला एक मुलगा रॅक घेऊन घरी आला. आयटीतला, हात मोकळा. १०४ एचपीच्या दोन रांगा, जवळजवळ भरलेल्या. प्लेट्स आणि रिंग्स ही आवाज काढणारी मॉड्यूल्स, एक वेव्हटेबल ऑसिलेटर (ऑसिलेटर म्हणजे मूळ सूर निर्माण करणारं मॉड्यूल), एक ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक तुकडे करून वाजवणारं), दोन फिल्टर, मोठा सिक्वेन्सर (सुरांची मालिका एकेका स्टेपनं वाजवणारा). "दादा, सगळं आहे, पण सगळं सपाट वाटतं. आता कॉम्प्लेक्स ऑसिलेटर घ्यावा म्हणतोय," म्हणाला. मी मोजून पाहिलं. अख्ख्या रॅकमध्ये एक व्हीसीए (सिग्नलचा जोर व्होल्टेजनं आवरणारं मॉड्यूल). मिक्सर नाहीच. दोन ऑसिलेटरची आउटपुट्स स्टॅकेबल केबलनं एकमेकांवर चढवली होती आणि त्याला तो मिक्स म्हणत होता. एका आउटपुटमधून दोन ठिकाणी सिग्नल नेता येतो, पण दोन आउटपुट्स एका जागी नुसती जोडली की ती एकमेकांशी भांडतात. बेरीज करायला मिक्सरच लागतो.

मी त्याला नवं काही सुचवलं नाही. त्याचे वेव्हटेबल आणि ग्रॅन्युलर काढून बाजूला ठेवले आणि माझ्याकडचे चार व्हीसीए, एक साधा मिक्सर आणि दोन अटेन्युव्हर्टर (सिग्नल कमी करणारी आणि उलटा फिरवणारी मॉड्यूल्स) त्या संध्याकाळपुरते बसवले. प्लेट्स तोच. एलएफओ (सावकाश वरखाली होत राहणारं व्होल्टेज देणारं मॉड्यूल) थेट पिचला न देता व्हीसीएतून नेला आणि त्या व्हीसीएला सावकाश चढणारा एन्व्हलप (एकदा चढून उतरणारं व्होल्टेज) दिला. सूर आधी सरळ लागायचा आणि मग हळूहळू हलायला लागायचा, गवई करतो तसा. दुसऱ्या व्हीसीएनं फिल्टरच्या एन्व्हलपचा जोर प्रत्येक स्टेपला कमीजास्त केला. पोरगं म्हणालं, "हे माझ्याच प्लेट्समधून येतंय?" होय बाबा, तुझ्याच.

पुढच्या आठवड्यात त्यानं कॉम्प्लेक्स ऑसिलेटरच घेतला. असो.

व्हीसीए म्हणजे आवाज लहानमोठा करणारं बटण, एवढंच डोक्यात बसलेलं असतं, तिथेच घोळ होतो. एका व्होल्टेजनं दुसऱ्या व्होल्टेजचा जोर ठरवणं हे त्याचं खरं काम. म्हणून घेताना दोन गोष्टी बघा. तो डीसी-कपल्ड हवा, नाहीतर सावकाश हलणारे सीव्ही (नियंत्रण करणारी व्होल्टेजेस) त्यातून पार होणारच नाहीत. आणि सीव्हीसाठी लिनियर प्रतिसाद बरा, ऑडिओसाठी एक्स्पोनेन्शियल. दोन्ही देणारा मिळाला तर तोच घ्या. माझा हिशेब आवाज काढणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलमागे दोन व्हीसीए असा आहे. लोक हसतात. हसू देत.

अटेन्युएटरचंही (सिग्नल कमी करणाऱ्या मॉड्यूलचंही) तेच. बरेच एलएफओ उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट फिरतात. पिचच्या इनपुटला एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे हा एलएफओ थेट लावला तर सूर दहा सप्तकं वरखाली धावतो. माणसाच्या कानाचा सगळा पल्लाच साधारण तेवढा आहे. दरबारीच्या गंधारासारखं आंदोलन हवं असेल, अगदी अर्ध्या सेमिटोनचं (सेमिटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) धरलं, तरी लागतात जेमतेम ४२ मिलिव्होल्ट. दहा व्होल्टचे ४२ मिलिव्होल्ट कोण करणार? डेमोत न दिसणारं, दिवे नसलेलं, चार बटणांचं कंटाळवाणं मॉड्यूल. ते आधी घ्या.

विजेचा हिशेब न करणं

हा माझा दुसरा आवडता विषय.

मुंबईतल्या ओळखीच्या एकानं नवं डिजिटल डिले मॉड्यूल बसवलं आणि रॅक सुरू होईना. दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. त्यानं ठरवून टाकलं की मॉड्यूल खराब आहे आणि परदेशात विक्रेत्याला परत पाठवलं. त्यांनी तपासलं, "दोष नाही" म्हणून परत धाडलं. दोन्ही बाजूंचं कुरिअर याच्या खिशातून, वर परत येताना कस्टम्सशी हुज्जत. मग मला फोन. मी एवढंच सांगितलं की वीज बंद करून कुठल्याही तीन मॉड्यूल्सच्या रिबन केबल बसवरून (वीज वाटणाऱ्या पट्टीवरून) काढ आणि रॅक पुन्हा सुरू कर. रॅक निमूट सुरू झाला.

झालं होतं असं की पॉवर सप्लाय अधिक १२ व्होल्टवर १ अँपिअरचा, आणि याची बेरीज ९६० मिलिअँपिअर. कागदावर बसत होतं. पण सुरू होताना मॉड्यूल्स क्षणभर जास्त करंट ओढतात. सप्लाय त्या झटक्याला घाबरून बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद. दिव्यांची उघडझाप ती हीच.

बेरीज करताना तीन खाती वेगळी ठेवा: अधिक १२, उणे १२ आणि ५ व्होल्ट. लोक एकूण आकडा बघतात आणि "दोन अँपिअरचा सप्लाय आहे की" म्हणतात. डिजिटल मॉड्यूल्स बहुतेक भार अधिक १२ वर टाकतात. उणे १२ निम्मं रिकामं असलं तरी त्याचा इकडे काही उपयोग नाही. मॉड्यूलरग्रिड या वेबसाइटवर रॅक मांडला की बेरीज आयती मिळते, पण तिथले आकडे लोकांनी भरलेले असतात. निर्मात्याच्या मॅन्युअलशी एकदा पडताळा. मी प्रत्येक खात्यात पाव हिस्सा मोकळा ठेवतो. बंद लाकडी केस आणि मे महिना असेल तर तिसरा हिस्सा.

भार काठावर असला की प्रत्येक वेळी रॅक बंदच पडतो असं नाही. ऑसिलेटर सुरातून सरकतात, सिक्वेन्सरचा दिवा लागला की आवाजात बारीक टिकटिक येते. मग माणूस ऑसिलेटरला शिव्या देतो आणि नवा ऑसिलेटर बघायला लागतो! आधी मल्टिमीटर घ्या, सगळं चालू असताना बसच्या टोकाशी मोजा. १२ च्या जागी साडेअकरा दिसले तर दोष ऑसिलेटरचा नाही. दोन बस बोर्ड असतील तर मी एकावर डिजिटल मंडळी आणि दुसऱ्यावर ऑसिलेटर ठेवतो.

विजेचाच आणखी एक मुद्दा: रिबनची लाल रेघ उणे १२ च्या बाजूला. १० पिनची केबल उलटी बसली तर अधिक आणि उणे १२ ची अदलाबदल होते. संरक्षक डायोड पुष्कळ मॉड्यूल्समध्ये असतो, सगळ्यांत नाही. मागच्या बोर्डावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय स्विच लावू नका. घाईत असाल तर उद्या लावा.

एकच काम करणारी चार मॉड्यूल्स

मेक नॉइज कंपनीचं मॅथ्स हे मॉड्यूल रॅकमध्ये आहे आणि तरी एलएफओ, स्ल्यू (व्होल्टेजचा बदल सावकाश करणारं) आणि एन्व्हलप शोधणारे भेटतात. मॅथ्सचे दोन चॅनल एन्व्हलप होतात, सायकल केले की एलएफओ होतात, ग्लाइडसाठी स्ल्यू होतात, वेग वाढवला तर ऐकू येणारा सूरही देतात. मधले दोन चॅनल अटेन्युव्हर्टर. २० एचपीत एवढं आहे, पण मॅन्युअल वाचावं लागतं. तिथेच सगळे गळतात.

अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग कंपनीचा मॉड्यूलर बसवून दिला आणि तिथल्या मंडळींनी पुढची काही वर्षं त्यावर टेप भरल्या. पुढच्या मंगळवारी कुरिअरनं नवा फिल्टर येईल अशी सोय त्यांना नव्हती.

बाकीच्या, थोडक्यात

पॅसिव्ह मल्टनं (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणाऱ्या, वीज न लागणाऱ्या मॉड्यूलनं) पिच वाटणं. आउटपुटचा अवरोध १ किलोओहम आणि प्रत्येक इनपुटचा १०० किलोओहम धरा. तीन ऑसिलेटर लावले की ३ व्होल्टचे सुमारे २.९१ उरतात, म्हणजे सेमिटोनभर सूर खाली. नव्या मॉड्यूल्समध्ये बऱ्याचदा याची भरपाई आतच केलेली असते, पण जुनं असेल तर पिचसाठी बफर्ड मल्ट घ्या. गेट आणि क्लॉकला (चालू-बंद आणि तालाच्या सिग्नलला) पॅसिव्ह चालतो.

केसची खोली न बघणं. पातळ स्किफमध्ये (उथळ केसमध्ये) जेमतेम ४०-४५ मिलिमीटर मिळतात आणि रिबनचा कनेक्टर सेंटिमीटरभर वेगळा खातो.

तानपुरा मिळेल म्हणून रिंग्स घेणं. त्यातल्या सहकंपी तारा गोड आहेत, पण तुम्हाला फक्त तानपुरा हवा असेल तर फोनवरचं ॲप पुरतं.

थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये घुसणं. युरोरॅकचा सिग्नल १० व्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपास, व्यावसायिक लाइन लेव्हल सुमारे साडेतीन. आउटपुट मॉड्यूल नसेल तर निदान अटेन्युएटर मध्ये टाका.

सगळ्या जगाचं व्होल्टेज एकच समजणं. कॉर्गचा एमएस-२० सिंथेसायझर हर्ट्झ-प्रति-व्होल्टवर चालतो, बुकला सिंथेसायझरचं सप्तक १.२ व्होल्टचं. केबल बसली म्हणून सूर जुळत नाही.

मोठी केस आधी घेणं. ती भरतेच, आणि घाईनं भरते.

सेकंडहँड घेताना फक्त पुढच्या पॅनेलचा फोटो बघणं. मागची बाजू मागा, रिबन केबल आणि स्क्रू सोबत आहेत का विचारा, आणि स्क्रू एम३ की एम२.५ तेही, कारण तुमच्या रेल्समधले नट एकाच मापाचे असतात. रिबन केबल वेगळी मागवायची वेळ आली तर कुरिअरच केबलहून महाग पडतं.