संगणकातली धूळ इलेक्ट्रिक ब्लोअरने कशी काढावी

ठाण्याच्या घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईच्या तुर्भे-महापे पट्ट्यात राहणाऱ्यांना धुळीची ओळख करून द्यायला नको. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोट फिरवलं तर रेघ उमटते. हीच धूळ संगणकाचा पंखा दिवसभर आत ओढत असतो आणि ती हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये जाऊन बसते. मग पंखा घोंघावू लागतो, मशीन तापतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ म्हणून दुकानात नेलेल्या कित्येक मशीनना फक्त सफाई हवी असते.

इलेक्ट्रिक ब्लोअर हे काम छान करतो, पण ट्रिगर दाबण्याआधी एक गोष्ट ठरवून ठेवा: धूळ कोणत्या वाटेने बाहेर पडणार. तिला वाट नसेल, तर ती एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्यात बसते. बहुतेक वेळा ती जागा आधीच्यापेक्षा वाईट असते.

कोणता ब्लोअर?

बाजारात दोन प्रकार मिळतात. वायरवाला ब्लोअर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ५००-६०० वॅटचा असतो आणि त्याला जोर भरपूर असतो. वेग कमी-जास्त करायचं चाक असलेलाच घ्या. संगणकाच्या आत तो कमी वेगावर आणि किमान २०-३० सेंमी अंतरावरून वापरायचा. बॅटरीवाला छोटा ब्लोअर घरासाठी सोयीचा. तो १०-१५ सेंमीवरून चालवता येतो. मात्र पूर्ण वेगावर त्याची बॅटरी लवकर उतरते, म्हणून काम सुरू करण्याआधी पूर्ण चार्ज करून ठेवा. खोक्यावरच्या आरपीएमच्या (मोटरचे मिनिटाला फेरे) मोठमोठ्या आकड्यांवर जाऊ नका. सोबत बारीक तोंडाचं नोजल आणि ब्रशचं नोजल आहे का, आणि हवा आत घेणाऱ्या बाजूला निघणारा फिल्टर आहे का, ते बघा.

काही जण कॅबिनेट सरळ पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेतात. हे करू नका. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपात टाकीत साठते आणि नळीतून फवाऱ्यासारखी बाहेर येते, सोबत थोडं तेलही येतं. पावसाळ्यात हे पाणी जास्तच असतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही आत घालू नका. त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर साठणारी स्थिर वीज चिपला मारक ठरते.

वेळ साधा

आपल्याकडे सफाईचा खरा मुहूर्त मे महिन्याचा शेवटचा आठवडा. धूळ कोरडी असते तोवर ती वाऱ्याने उडते. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच धूळ ओलावा धरते आणि पात्यांवर लेपासारखी चिकटते. वाशी, नेरूळ, कळवा अशा खाडीलगतच्या भागांत धुळीबरोबर मिठाचा अंशही येतो. मीठ ओलावा ओढून घेतं, आणि असा ओला थर मदरबोर्डावरच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या आतल्या पाटीवरच्या) बारीक तारांना गंज चढवतो. दुसरी सफाई पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करा. कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं असेल किंवा खिडकीसमोर बांधकाम चालू असेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी करा.

पावसाळ्यात काम अगदी निघालंच, तर एक पथ्य पाळा. एसीच्या खोलीतलं गार मशीन लगेच गॅलरीत नेऊ नका. चष्म्यावर धुकं धरतं तसंच पाणी हीटसिंकच्या थंड धातूवर धरतं. एसी बंद करून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि मगच बाहेर काढा.

तयारी

संगणक शटडाऊन करा, प्लग काढा आणि डेस्कटॉप असेल तर पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात साठलेली वीज उतरते. काम गॅलरीत करा. त्याआधी खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातलेत का, ते वाकून बघा. सोसायटीतली अर्धी भांडणं अशीच सुरू होतात. नाकाला एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. हाताशी नंबर ० आणि २ चे फुलीचे (फिलिप्स) स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, आइस्क्रीमची लाकडी काडी, चिमटा आणि टॉर्च ठेवा.

ब्लोअर आधी मोकळ्या हवेत पाच सेकंद चालवा. त्याच्या पोटातली धूळ निघून जाऊ दे, नाहीतर ती तुमच्या मदरबोर्डावर जाईल. कॅबिनेटच्या आत हात घालण्याआधी आणि मध्ये मध्येही कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. थंडीच्या कोरड्या दिवसांत हे विसरू नका.

डेस्कटॉप

समोरून बघताना डाव्या हाताचं झाकण काढायचं. मागे दोन स्क्रू असतात, ते काढून झाकण मागे सरकवा. जमलं तर आतला एक फोटो काढून ठेवा. एखादी वायर निसटली तर शोधाशोध वाचते.

पहिली गोष्ट म्हणजे पंखे अडवा. प्रत्येक पंख्याच्या पात्यांमध्ये लाकडी काडी हलकेच टेकवून धरा. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात गरगरतो. तो आवाज ऐकायला मजेशीर वाटतो, पण त्यात बेअरिंग झिजतं आणि कधी पातं तुटतं. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे उलटी पाठवू शकते.

आता वरून खाली आणि पुढून मागे, या क्रमाने चला. हवा मागच्या जाळीतून बाहेर पडेल अशा बेताने ब्लोअर तिरका धरा. दोन-तीन सेकंदांचे झोत द्या आणि मध्ये थांबून टॉर्चने बघा. सलग मारा केलात तर धूळ हवेतच घिरट्या घालून परत खाली बसते.

सगळ्यात जास्त वेळ प्रोसेसरच्या कूलरला द्या. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण खरी घाण त्याच्या खाली, पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधल्या फटीत असते. तिथे धुळीची राखाडी गादीच तयार होते. वरून हवा मारली तर ती पात्यांत आणखी घट्ट बसते. त्यामुळे बारीक नोजल लावून बाजूने, पात्यांच्या रेषेत झोत द्या आणि गादी समोरच्या बाजूने बाहेर ढकला. चिकटून राहिलेला भाग ब्रशने सैल करा आणि पुन्हा झोत द्या. कूलर उचलून काढायचा मोह आवरा. तो काढलात तर प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं भाग पडतं.

मग ग्राफिक्स कार्डाचे पंखे, रॅमचे मोकळे खाचे आणि पुढची जाळी. जाळी निघत असेल तर बाहेर काढून आतून बाहेरच्या दिशेने फुंका. ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या कारखान्यांच्या भागात लेथ किंवा ग्राइंडिंगच्या शेजारी असलेल्या ऑफिसातल्या मशीनमध्ये धातूचा बारीक कीस सापडतो. त्यातून वीज वाहते, म्हणून तो बोर्डाच्या दिशेने अजिबात उडवू नका. आधी ब्रशने आणि ओलसर न केलेल्या कापडाने टिपून घ्या.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा, कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वरचा दाब राहिलेला असू शकतो. त्याच्या जाळीतून काडी आत घालायची नाही, म्हणून इथे ब्लोअर कमी वेगावर ठेवा आणि सेकंदभराचे झोत बाहेरूनच द्या.

लॅपटॉप

इथे लोक सर्वाधिक फसतात. बाजूच्या जाळीला नोजल लावून जोरात हवा मारली की थोडी धूळ उडते आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हीटसिंकला चिकटलेला धुळीचा नमदा सुटून पंख्यात जातो आणि तिथेच अडकतो. पंखा दिसत नसल्यामुळे तो अडवताही येत नाही.

वॉरंटी चालू असेल तर आधी अटी वाचा. ती संपली असेल तर खालचं झाकण उघडणं हाच सरळ मार्ग आहे. झाकणाला सहसा ८ ते १२ स्क्रू असतात आणि त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या बोर्डात घुसतो. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. थर्माकोल वापरू नका, त्यावर स्थिर वीज साठते. कडेने प्लास्टिकचं जुनं कार्ड फिरवत झाकण सोडवा आणि सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. ते सुटल्याशिवाय आत कशालाच हात लावू नका.

पंख्याच्या पात्यात काडी धरा. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये दिसणारा नमदा चिमट्याने सलग उचला. तो बऱ्याचदा एका तुकड्यात निघतो. मग बाहेरच्या जाळीकडून आतल्या दिशेने छोटे झोत द्या, म्हणजे उरलेली धूळ पंख्याच्या उघड्या तोंडातून वर येईल. लॅपटॉप हातात तिरका धरलात तर ती खालीच पडते.

कीबोर्ड आणि बाकीचं सामान

कीबोर्ड जवळजवळ उभा धरा आणि डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने झोत द्या. नंतर उलटा करून हलके थोपटा. वायफाय राउटर आणि सेट-टॉप बॉक्स बंद करून त्यांच्या जाळ्या जरूर साफ करा. ही उपकरणं कायम उबदार असल्याने झुरळांना आवडतात.

स्वयंपाकघराच्या जवळ असलेल्या मशीनवर फोडणीची तेलकट वाफ बसते. तिच्यात मिसळलेल्या धुळीपुढे वारा हरतो. तिथे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. सुकण्याआधी जवळपास ब्लोअर चालवू नका. वायरवाल्या ब्लोअरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणगीने अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते.

काही ठिकाणी ब्लोअर न्यायचाच नाही. लेझर प्रिंटरमध्ये सांडलेल्या टोनरवर हवा मारली की ती पूड खोलीभर उडते आणि फुफ्फुसात जाते. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रबरी फुग्याचा पंपच बरा. फोनच्या माइक आणि स्पीकरच्या जाळ्या जोराच्या हवेने फाटतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर एक बारीक श्वासछिद्र असतं, त्यावर नोजल धरू नका.

चालू करून बघा

झाकण लावण्याआधी डेस्कटॉप एकदा उघडाच चालू करा आणि सगळे पंखे फिरतात का ते बघा. पंखा खरखरला तर एखादी वायर पात्याला लागत असते. मशीन चालू होऊनही स्क्रीन काळाच राहिला किंवा बीप वाजले, तर बंद करून प्लग काढा आणि रॅम काढून टक असा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांनी दाबून परत बसवा. झोताने किंवा हात लागून ती हललेली असते. पॉवरचं बटण दाबून काहीच होत नसेल, तर पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी तपासा. तिथे तो फोटो कामी येतो.

सफाईच्या आधी आणि नंतर प्रोसेसरचं तापमान मोजा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखा मोफत प्रोग्राम त्याला पुरतो. तेच काम, तितकाच वेळ करून दोन आकड्यांची तुलना करा, आणि दोन्ही वेळा एसी एकतर चालू ठेवा किंवा बंद. तापमान जराही उतरलं नाही आणि लॅपटॉप अजूनही ९५ अंशांच्या घरात जात असेल, तर आतली थर्मल पेस्ट वाळल्याची शक्यता आहे. ती दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

ब्लोअर गरम असताना चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थांबा. त्याचा फिल्टर झटकून ठेवा. धुतलात तर दिवसभर वाळवूनच परत बसवा, कारण ओल्या फिल्टरमधून निघालेली हवा पुढच्या वेळी थेट मदरबोर्डावर जाते.