टोकियोत पायी भटकायला निघण्याआधी

सगळ्यांत आधी बूट. टोकियोत दिवसभर चालणं होतंच, आणि त्यातलं निम्मं स्टेशनांच्या पोटात, जिन्यांवर. कोरे बूट घालून विमानात बसू नका, दोन-तीन आठवडे आधीच वापरून रुळवा. पटकन काढता-घालता येतील असेच घ्या, कारण देवळांत आणि काही खानावळींत ते दारातच काढावे लागतात. अंगठ्यापाशी भोक पडलेले मोजे घरीच राहू देत.

मूळ पासपोर्ट कायम जवळ हवा. पर्यटकाला तसा कायदाच आहे, झेरॉक्स चालत नाही. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचा: स्युडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या जपानात नेता येत नाहीत. वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं, म्हणून अडॅप्टर इथूनच न्या.

प्रवासासाठी सुइका किंवा पास्मो, म्हणजे आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं कार्ड. साध्या सुइकाला ५०० येन अनामत पडते. पर्यटकांच्या वेलकम सुइकाला अनामत नाही, पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे-थोडेच भरा. पैसे भरायला रोख लागते. ती सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर आपल्या कार्डानं निघते. नाण्यांसाठी छोटा बटवा ठेवाच. १ आणि ५ येनची नाणी पेयांची यंत्रं घेत नाहीत, त्यामुळे ती साठतच जातात.

भुयारी रेल्वेचा २४, ४८ किंवा ७२ तासांचा पास टोकियो मेट्रो आणि तोएई या दोन्ही भुयारी कंपन्यांच्या गाड्यांत चालतो, पण जेआरच्या (जपान रेल्वेच्या) यामानोते लाइनवर नाही. फसगत नेमकी इथे होते: शिंजुकू, शिबुया, उएनो या स्टेशनांवर भुयारी रेल्वेची आणि जेआरची, अशी दोन्ही फाटकं आहेत. पासाचे तास पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणून २४ तासांचा दुपारी सुरू केला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो.

आता खरी डोकेदुखी, बाहेर पडायची दारं. एकट्या शिंजुकूला ती दोनशेहून जास्त आहेत. काबुकिचोला, रात्रीच्या करमणुकीच्या भागात, जायचं तर पूर्वेचं दार, महानगर सरकारच्या इमारतीकडे पश्चिमेचं. (तिथला ४५व्या मजल्यावरचा सज्जा फुकट आहे, चुकवू नका.) भलत्या दारानं वर आलात तर मॅपवरचा निळा ठिपका उंच इमारतींमध्ये भरकटतो, आणि बहुतेक रस्त्यांना नावंच नसल्यानं पाटी वाचूनही उपयोग नाही, पत्ते गल्लीचे नव्हे, इमारतींच्या ठोकळ्यांचे (ब्लॉकचे) असतात. म्हणून ठिकाणाच्या नावाशेजारी दाराचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. ओएदो या भुयारी लाइनचा रोप्पोंगी स्टेशनातला फलाट तर ४० मीटरांहून खोल आहे. वर यायचा वेळ वेगळा धरा.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. सूप आणि सॉसचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बहुधा सुक्या माशाचा असतो आणि तो भाजीतही उतरतो, तेव्हा ‘मासे नकोत, दाशीही नको’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. डाळ-तांदळाची आठवण झालीच तर तोझाई लाइनवरच्या निशी-कासाईला भारतीय किराणा मिळतो. तिथे आपली बरीच वस्ती आहे.

पाठपिशवीत एक रिकामी प्लास्टिकची पिशवी आणि एक हातरुमाल. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतात, त्यामुळे केळ्याचं साल हॉटेलापर्यंत सोबत येतं. आणि कित्येक शौचालयांत हात पुसायला काहीच नसतं.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते, पहिली साडेचार-पाचला. मधल्या वेळी फक्त टॅक्सी, आणि रात्री १० ते पहाटे ५ भाडं २० टक्के जास्त. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत फोनवर ठेवा, चालकाला दाखवा. टॅक्सीचं मागचं दार तोच आतून उघडतो आणि लावतो, हात लावू नका.